आइसलँडची जुनी नाणी: सुरुवात एका बदामापासून

माझ्यासमोर टेबलावर आत्ता दोन नाणी आहेत. दोन्ही आइसलँडची, १० ओयरारची (ओयरार म्हणजे तिथल्या क्रोनाचे पैसे), पंधरा मिलिमीटर रुंदीची, चिमटीत धरली तर दिसेनाशी होतील एवढी. एकावर १९३९ साल आहे, दुसऱ्यावर १९४०. नुसत्या डोळ्यांना ती जुळी वाटतात: तोच मुकुट, तीच अक्षरे, तोच करडा-पांढरा धातू. पण भिंग धरले की १९३९च्या नाण्यावर पत्त्यांतल्या बदामासारखे एक इवलेसे चिन्ह दिसते. १९४०च्या नाण्यावर ते नाही.

ते चिन्ह कोपनहेगनच्या टांकसाळीचे. आइसलँडची नाणी तोवर तिथेच पाडली जात. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला आणि १० मे रोजी ब्रिटिश सैन्य आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये उतरले. कोपनहेगनचा रस्ता बंद झाला, नाणी लंडनमध्ये पाडून घ्यावी लागली आणि लंडनने बदाम उठवला नाही. एवढा मोठा उलथापालथीचा महिना या एका मोकळ्या जागेत मावला आहे. मी या छंदात पडलो तो या जोडीमुळे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझे सांगणे आहे की पहिली खरेदी हीच जोडी करा. दोन्ही नाणी साधी आहेत, महाग नाहीत, आणि नाणे कसे पाहायचे हे ती शिकवतात.

आइसलँडच का?

कारण पल्ला आवाक्यातला आहे. ब्रिटन किंवा डेन्मार्कची नाणी जमवायला घेतली तर आयुष्य पुरत नाही. आइसलँडचे स्वतःचे पहिले नाणे १९२२ सालचे. त्याआधी तिथे डॅनिश नाणी चालत, आणि त्याही आधी कित्येक शतके लोकरीचे जाडेभरडे कापड आणि सुकवलेले मासे हेच देण्याघेण्याचे माप होते. राजेशाहीच्या काळातली, म्हणजे १९२२ ते १९४२ची, रोजच्या वापरातली सगळी मूल्ये आणि सगळी साले एकत्र केली तरी आकडा चाळिशीच्या आत राहतो. दोन-तीन वर्षांत, फार खिसा रिकामा न करता, एक अख्खा कालखंड पूर्ण करता येतो. नवख्या माणसाला अर्धवट राहिलेल्या दहा संग्रहांपेक्षा पूर्ण झालेला एक छोटा संग्रह पुष्कळ जास्त शिकवतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे कारण धातूचे. आइसलँडने रोजच्या व्यवहारासाठी चांदीचे नाणे कधी काढलेच नाही. कांस्य, तांबे-निकेल, ॲल्युमिनियम-कांस्य, जस्त आणि पुढे ॲल्युमिनियम, मुख्यतः एवढाच पसारा. चांदीचा भाव वर गेला की खाली आला याची चिंता नाही. आणि कोणी १९२५चा क्रोना ‘चांदीचा’ किंवा त्याच्या पिवळ्या रंगामुळे ‘सोन्याचे पाणी दिलेला’ म्हणून दाखवला, तर विक्रेत्याला माल कळत नाही किंवा तो खोटे बोलतो आहे. तिथून उठावे.

पहिले काम: नावे तोंडात बसवा

एक नाणे असेल तर क्रोना, अनेक असतील तर क्रोनुर. त्याचा शंभरावा भाग एयरिर, आणि अनेक एयरिर म्हणजे ओयरार. आपल्याकडे आण्याचे आणे आणि पैशाचे पैसे होतात, तसाच प्रकार. फक्त शब्द इतका बदलतो की ही दोन वेगळी नाणी आहेत असे पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते. कॅटलॉगमध्ये शोधताना म्हणूनच दोन्ही रूपांनी शोधा. १ च्या नाण्यावर एयरिर असेल, २ पासून पुढे ओयरार. एयरिर हा शब्द सोन्याच्या रोमन नाण्याच्या नावावरून, लॅटिन ‘ऑरेउस’वरून आला आहे. नाणे मात्र तांबूस आणि सगळ्यांत कमी मोलाचे.

देशाचे नाव ‘ईस्लांड’ असे असते आणि सुरुवातीच्या स्वरावर तिरकी मात्रा असते. हे नाव वाचायची सवय लागली पाहिजे. कारण ख्रिस्टियन दहावा हा राजा एकाच वेळी डेन्मार्कचाही होता आणि १ डिसेंबर १९१८पासून स्वतंत्र राज्य झालेल्या आइसलँडचाही. त्याच्या नावाची मुकुटाखालची अक्षरे दोन्ही देशांच्या नाण्यांवर आहेत. सरमिसळ नाण्यांच्या डब्यात डॅनिश नाणे आइसलँडचे म्हणून हाती येणे हे नेहमीचे आहे. राजाची अक्षरे बघून हुरळू नका, आधी देशाचे नाव वाचा.

दुसरे काम: कुठून कुठपर्यंत जमवायचे ते ठरवा

माझ्या मते तीन टप्पे आहेत, आणि त्यांची गोडी वेगवेगळी आहे.

राजेशाहीचा टप्पा सगळ्यांत सुंदर. १९२२ साली १० आणि २५ ओयरार आले, १९२५ साली १ आणि २ क्रोनुर, १९२६ साली १, २ आणि ५ ओयरारची कांस्याची नाणी. एकूण सात मूल्ये. १९४२ साली युद्धामुळे धातूंची टंचाई होती तेव्हा १० आणि २५ ओयरार जस्ताचे काढले गेले. हातात घेताच ते वजनाला हलके लागतात आणि रंगाने मळकट राखाडी दिसतात. संग्रहाचा गाभा हाच ठेवा.

दुसरा टप्पा प्रजासत्ताकाचा. १७ जून १९४४ला थिंगवेटलिरच्या मैदानावर प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि १९४६च्या नाण्यांवरून मुकुट गेला. त्या सालच्या क्रोनावर देशाचे पूर्ण राजचिन्ह आहे: ढाल, आणि ती धरून उभे असलेले चार रक्षक. बैल, गरुड, ड्रॅगन आणि डोंगरातला राक्षस. परक्या राजाचा हेर बेटाभोवती फिरत असताना या चौघांनी त्याला चारही बाजूंनी हुसकावून लावले, अशी तिथली जुनी कथा आहे. या टप्प्यातली बहुतेक नाणी अगदी स्वस्त मिळतात. पैसे जपून सुरुवात करायची असेल तर इथून करा.

याच टप्प्यात एक गोष्ट डोळ्यांदेखत घडते, ती म्हणजे महागाई. १९२५चा १ क्रोना म्हणजे बोटांना जाणवणारे, पिवळे, दमदार नाणे. १९७६चा १ क्रोना म्हणजे ॲल्युमिनियमची इवलीशी चकती, इतकी हलकी की पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद ठेवली तर तरंगते. आइसलँडमध्ये तिला ‘फ्लोटक्रोना’, तरंगता क्रोना, असेच नाव पडले. ज्यांनी आपल्याकडची ॲल्युमिनियमची पाच आणि दहा पैशांची नाणी हाताळली आहेत त्यांना तो स्पर्श लगेच ओळखीचा वाटेल. ही दोन नाणी एकाच होल्डरमध्ये शेजारी ठेवा. १ जानेवारी १९८१ला १०० जुन्या क्रोनुरचा १ नवा क्रोना का करावा लागला, ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरा टप्पा त्या १९८१च्या बदलानंतरचा. ‘जुनी नाणी’ म्हणताना तो बसत नाही, पण लहान मुलांना घेऊन संग्रह करायचा असेल तर यासारखे दुसरे काही नाही. एका बाजूला ते रक्षक, दुसऱ्या बाजूला समुद्र: १ क्रोनावर कॉड मासा, ५ वर डॉल्फिनची जोडी, १० वर कॅपलिन माशांचा थवा, ५० वर खेकडा, १०० वर लंपफिश. ५० ओयरारवर कोळंबी आहे, १० ओयरारवर माकूळ. कोकणातल्या घरात ही नाणी दाखवून पाहा, प्रत्येकाला नाव येते. त्यांतली ओयरारची नाणी २००३ साली चलनातून गेली.

सुरुवातीला स्मारक नाण्यांच्या मागे लागू नका. आल्थिंग या त्यांच्या संसदेला हजार वर्षे झाली म्हणून १९३० साली काढलेले २, ५ आणि १० क्रोनुरचे नग देखणे आहेत, पण ते कॅटलॉगमध्ये बहुधा पदकांच्या विभागात सापडतात आणि किंमत वेगळ्याच पातळीवर असते. १९६१चे ५०० क्रोनुरचे सोन्याचे नाणे योन सिग्युर्डसन या स्वातंत्र्यनेत्याच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षी निघाले. त्याचे वजन ८.९६ ग्रॅम आणि त्यात ९० टक्के सोने. ते सोन्याच्या भावाने चढते-उतरते. याला अपवाद म्हणून एक सुचवतो: सार्वभौमत्वाच्या पन्नाशीनिमित्त १९६८ साली निघालेले ५० क्रोनुरचे नाणे. त्यावर रेक्याविकमधली संसदेची दगडी इमारत आहे, आणि ते साध्या बजेटमध्ये बसते.

तिसरे काम: बदाम वाचायला शिका

यावर घाई करू नका. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानातले मोठे गोल भिंग नव्हे, सोनार डोळ्याला लावतो तसले. खिडकीजवळ बसा, नाणे कडेने धरा आणि उजेड तिरपा पडू द्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये झिजलेला ठसा सपाट दिसतो. तिरप्या उजेडात त्याच्या सावल्या उठतात.

आता टांकसाळीचे चिन्ह शोधा. जुन्या सालांत बदामाबरोबर ‘एचसीएन’ ही तीन अक्षरे सापडतील. ती तेव्हाच्या टांकसाळप्रमुखाच्या नावाची. पुढे प्रमुख बदलला तशी ती जाऊन नुसते ‘एन’ आले. ‘जीजे’ ही दोन अक्षरे ठसे कोरणाऱ्या कलावंताची, गुन्नार येन्सनची. म्हणजे केवढ्याशा त्या नाण्यावर टांकसाळ, तिचा प्रमुख आणि कोरणारा हात, तिघांचीही सही आहे. १९४०पासूनच्या नाण्यांवर यांतले काहीच नाही. कॅटलॉगमध्ये म्हणूनच एकाच मूल्याच्या नाण्याला चिन्हासह आणि चिन्हाविना असे दोन उपक्रमांक दिलेले असतात.

याचा व्यवहारात उपयोग असा. १९४०च्या एखाद्या नाण्यावर बदाम दिसला, किंवा १९३१च्या न झिजलेल्या नाण्यावर तो नसला, तर थांबा. बहुतेक वेळा साल चुकीचे वाचलेले असते. तसे नसेल तर पैसे देण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

जाता जाता एक सांगतो. १९४१ सालची, डॅनिश नाण्यांसारखीच पण बदाम नसलेली काही नाणी तुम्हाला मिळतील. ती डेन्मार्कची नाहीत. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या फेरो बेटांसाठी लंडनमध्ये पाडलेली आहेत. तीच गोष्ट, शेजारच्या बेटावर घडलेली. मी ती आइसलँडच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर ठेवली आहेत.

चौथे काम: थोडी साधने

भिंगाशिवाय शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि रुंदी-जाडी मोजायला व्हर्नियर घ्या. तांबे-निकेलचे १० ओयरार दीड ग्रॅमचे आणि २५ ओयरार २.४ ग्रॅमचे व १७ मिलिमीटरचे असते. झिजेमुळे थोडा फरक पडेल, पण फार पडला तर प्रश्न विचारा. एक साधा लोहचुंबकही जवळ ठेवा. राजेशाहीचे कुठलेही नाणे त्याला चिकटू नये. अलीकडची, पोलादावर मुलामा दिलेली नाणी मात्र चिकटतात, त्यात दोष नाही.

पाचवे काम: खरेदी

मुंबई-पुण्यात भरणाऱ्या नाणे-प्रदर्शनांत परदेशी नाण्यांचे ट्रे असतात. एक किंमत, हवे ते निवडा. त्यांत आइसलँड क्वचित निघते, आणि निघाले तर बहुधा १९६०-७०च्या दशकातले. तरी बसून शोधावे, कारण नाणे हातात घेऊन पाहायची संधी तिथेच मिळते. राजेशाहीची नाणी मुख्यतः डेन्मार्क, जर्मनी आणि खुद्द आइसलँडमधल्या विक्रेत्यांकडून ऑनलाइन मागवावी लागतात.

इथे हिशेब नीट करा. एका कांस्याच्या एयरिरपेक्षा त्याचा टपालखर्च जास्त होतो. म्हणून एकेक नाणे मागवू नका. एक विक्रेता निवडा, त्याच्याकडची हवी ती आठ-दहा नाणी एकदम घ्या, आणि एकत्र टपालखर्च किती हे आधी विचारा. पार्सलवर कस्टम्सचा आकार बसू शकतो, तो धरून बजेट करा. पाकिटावर खरी किंमत आणि खरे वर्णन लिहायला सांगा. किंमत कमी दाखवायला कधी सांगू नका. पार्सल हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते.

फोटो पाहताना दोन्ही बाजू मागा. मुकुटाची टोके आणि राजाच्या अक्षरांचे उंचवटे पहिल्यांदा झिजतात. तिथे रेषा स्वच्छ असतील तर नाणे चांगल्या स्थितीत आहे. वर्णनात ‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, ‘यूएनसी’ असे लिहिलेले असते: बऱ्यापैकी चांगले, फारच चांगले, आणि वापरात न आलेले. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्याच्या फोटोवर विश्वास ठेवा. माझा सल्ला असा की कांस्याची आणि तांबे-निकेलची नाणी एक्सएफच्या खाली घेऊ नका, ती मिळतात. १९२९चे २ क्रोनुर मात्र वेगळे. ते एक लाखाहूनही कमी पाडले गेले. ते नीट वाचता येणारे, न घासलेले मिळाले तर घ्या, पुढच्या चांगल्या नगाची वाट बघत बसू नका.

कोणी नातेवाईक आइसलँडला निघाले असतील तर त्यांना तिथल्या एखाद्या जुन्या बाजारात डोकवायला सांगा. तिथे लोक जवळजवळ सगळे पैसे कार्डाने देतात, त्यामुळे सुटे हातात येत नाहीत. नाणी मुद्दाम मागावी लागतात.

सहावे काम, आणि सगळ्यांत महत्त्वाचे: जपणूक

नाणे घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, तांब्याची भांडी चकचकीत करायची पावडर तर नकोच. आपल्याकडे देवाची उपकरणी घासून लख्ख ठेवण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे, पण शंभर वर्षांच्या कांस्यावर जो चॉकलेटी थर चढतो तोच त्याचे संरक्षण असतो. तो निघाला की नाणे गुलाबी, उघडेबोडके दिसते आणि जाणता ग्राहक ते परत ठेवतो. तो थर पुन्हा आणता येत नाही.

माझ्याकडून झालेले नुकसान दुसऱ्या प्रकारचे होते. सुरुवातीला मी नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये ठेवली होती. एका पावसाळ्यानंतर अल्बम उघडला तर १९२५च्या २ क्रोनुरवर हिरवट, चिकट थर आला होता आणि पानाला आंबूस वास येत होता. मऊ पीव्हीसीमधले रसायन दमट हवेत सुटते आणि तांबे असलेल्या धातूला खाते. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून ठेवल्यावर थर सुटला, पण राजाच्या अक्षरांजवळ दोन काळे ठिपके कायमचे राहिले. ते नाणे मी बदललेले नाही. नवीन मुलांना दाखवायला उपयोगी पडते. (ॲसिटोन केमिस्टकडचे शुद्ध हवे, नखांच्या रंगासाठीचे नव्हे. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, जवळ गॅस किंवा निरांजन नसताना वापरा, आणि नाणे चोळू नका.)

म्हणून पुठ्ठ्याचे, आत पारदर्शक मायलर असलेले टू बाय टू होल्डर घ्या. पिना मारल्यावर त्यांची टोके पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. होल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यात सिलिका जेलची पाकिटे टाका. जूनच्या आधी ती बदला. डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, लाकडी कपाटाच्या तळाशीही नको.

जस्ताची १९४२ची नाणी सगळ्यांपासून वेगळी ठेवा. जस्ताला ओल लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती भुकटी खाली खड्डे पाडत जाते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत हे एका मोसमात होऊ शकते. ही दोन नाणी मी स्वतंत्र हवाबंद कॅप्सूलमध्ये ठेवतो आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहतो. घामाच्या बोटांनी त्यांना अजिबात हात लावू नका.

सातवे काम: नोंदवही

साधी वही पुरते. मूल्य, साल, धातू, चिन्ह आहे की नाही, मोजलेले वजन, स्थिती, कोणाकडून घेतले, टपालासकट किती रुपये पडले, तारीख. चिन्हाचा रकाना कधीही फोटोवरून भरू नका, नाणे घरी आल्यावर भिंगाखाली पाहूनच भरा.

पहिल्या मागणीची माझी यादी अशी आहे: १० ओयरार १९३९ आणि १९४०, १ एयरिर १९२६, १ क्रोना १९२५, १ क्रोना १९४६, आणि १९७६ची ती तरंगती चकती. सहा नाणी, एक पाकीट. ते आले की १९३९चे १० ओयरार उघडा, खिडकीपाशी जा आणि बदाम शोधा. पहिल्यांदा सापडायला वेळ लागतो. नाणे हळूहळू फिरवत राहा.